खसखशीच्या दाण्याएवढी

अनारशाचं पीठ मी दिवाळीच्या आधी आठवडाभर तरी करून ठेवते. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, फडक्यावर पसरून ओलसर असतानाच दळायचे आणि गुळात मुरवत ठेवायचे. आईनं शिकवलेलं यातलं काहीही मी इथं येऊन बदललेलं नाही. त्या संध्याकाळी कढईत तूप तापत होतं, ताटलीत खसखस पसरलेली होती आणि मी बोटांनी अनारसा थापत होते. तेवढ्यात लेक जिन्यावरून खाली आला. एरवी दोन-दोन पायऱ्या गाळत येणारा मुलगा कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरत होता.

"गुडघा वाकत नाहीये," तो म्हणाला.

पँट वर केली. उजवा गुडघा सोललेल्या नारळासारखा दिसत होता. वाटी कुठे संपते आणि मांडी कुठे सुरू होते ते कळेना. मी बोटानं दाबलं, तर आत पाणी असल्यासारखं हललं. "दुखतंय का रे?" "थोडंसं. तेवढं नाही." त्या उत्तरानं मला जास्त भीती वाटली. इतकी सूज आणि दुखणं इतकं कमी, हे माझ्या माहितीतल्या कुठल्याच मुक्या मारासारखं नव्हतं. मी गॅस बंद केला. थापलेला अनारसा ताटलीत तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. लेक तेव्हा अकरा वर्षांचा होता, सॉकर खेळायचा. खेळताना मुरगळला असेल, बर्फ लावा, आठ दिवस विश्रांती द्या, असं सांगून त्यांनी आम्हाला घरी पाठवलं. दहा-बारा दिवसांत सूज खरंच उतरली. आम्ही विसरलो. डिसेंबरच्या मध्यावर एका सकाळी तोच गुडघा पुन्हा तसाच फुगला. या वेळी दुसऱ्या डॉक्टरबाई होत्या. त्यांनी गुडघ्याला हात लावायच्याही आधी विचारलं, "उन्हाळ्यात हा रानात, गवतात खेळला होता का?"

आम्ही कनेक्टिकटमध्ये राहतो. लाइम नावाचं गाव आमच्या घरापासून गाडीनं अर्ध्या तासावर आहे. त्या गावाच्या पाटीवरून मी किती वेळा गेले असेन. ज्या रोगाला त्या गावाचं नाव मिळालं, तो गोचीड चावून होणारा लाइम रोग माझ्याच घरात सहा महिने राहत होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

गुडघ्यातलं पाणी सुईनं काढलं तेव्हा मी लेकाचा हात धरून उभी होते. पाणी पिवळसर आणि गढूळ होतं. मी विचारलं, हा पू आहे का, यात ते जंतू भरलेत का? बाई म्हणाल्या, "हा गढूळपणा बहुतेक सगळा त्याच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशींचा आहे. जंतू यात शोधायला गेलं तर क्वचितच सापडतील." हे वाक्य मी घरी घेऊन आले. जंतू जवळजवळ नाहीत, आणि तरी गुडघा नारळाएवढा. मग हे दुखणं कोण करतंय?

या प्रश्नाचं उत्तर शोधत मी तो हिवाळा काढला. मी डॉक्टर नाही, हिशेबाच्या कामात आहे. पण आकड्यांची टोटल लागेपर्यंत न उठायची सवय हाडात मुरलेली आहे, तशीच मी वाचत गेले.

सुरुवात मात्र माझ्या आधीच्या एका आईपासून करायला हवी. पॉली मरी त्यांचं नाव. लाइममध्ये राहायच्या. १९६०च्या आणि ७०च्या दशकांत त्यांना स्वतःला, त्यांच्या नवऱ्याला, मुलांना एकामागून एक दुखणी लागत होती. चट्टे, ताप, सुजलेले सांधे. डॉक्टरांना एकत्र असं काही दिसत नव्हतं. पॉली मरी टिपणं ठेवत गेल्या, शेजारीपाजारी विचारत गेल्या, आणि १९७५ साली त्यांनी राज्याच्या आरोग्य खात्याला फोन केला. त्याच सुमारास जूडिथ मेन्श या दुसऱ्या एका आईनंही कळवलं. येल विद्यापीठात तेव्हा नुकतेच आलेले ॲलन स्टीअर नावाचे तरुण डॉक्टर त्या गावांत गेले. लाइम आणि आसपासच्या गावांत मिळून ५१ रोगी सापडले, त्यातली ३९ मुलं. मुलांना होणारा संधिवात लाखात काही जणांना होतो. इथं चार रस्त्यांवरच्या मुलांत दर दहात एकाला. १९७७ साली त्यांनी लिहिलं तेव्हा दुखण्याला नाव दिलं 'लाइम आर्थ्रायटिस'. उन्हाळ्यात सुरू होतं, झाडी असलेल्या भागात होतं, काहींना आधी एक पसरत जाणारा लाल चट्टा येतो. म्हणजे काहीतरी चावतंय.

त्या चट्ट्याची ओळख युरोपात फार जुनी होती. स्वीडनचे त्वचारोगतज्ज्ञ आर्विड आफ्झेलियस यांनी १९०९ सालीच तो गोचीड चावण्याशी जोडला होता. पण गोचिडीच्या आत काय आहे ते कळायला १९८१ उजाडलं. मोंटाना राज्यातल्या हॅमिल्टन गावी, रॉकी माउंटन प्रयोगशाळेत, विली बर्गडॉर्फर न्यूयॉर्कजवळच्या शेल्टर बेटावरून आलेल्या गोचिड्या चिरून पाहत होते. शोधत होते दुसऱ्याच एका तापाचा जंतू. तो मिळाला नाही. काही गोचिड्यांच्या आतड्यात मात्र बारीक, नागमोडी, हळूहळू वळवळणारे दोरे दिसले. दुसऱ्या कुणी ते कदाचित बाजूला सारले असते. पण बर्गडॉर्फर मूळचे स्वित्झर्लंडचे, आणि तिथं बासलला तीस वर्षांपूर्वी त्यांनी डॉक्टरेट केली होती ती गोचिडीतल्या अशाच नागमोडी जिवाणूंवर. त्यांच्या डोळ्यांना ते दोरे ओळखीचे होते. पुढे त्या जंतूला त्यांचंच नाव मिळालं: बोरेलिया बर्गडॉर्फेरी.

पॉली मरींची वही आणि बर्गडॉर्फर यांचे डोळे, या दोन गोष्टी मला एकाच जातीच्या वाटतात. दोघांनीही जे दिसलं ते टाकून दिलं नाही.

आणि मी? मला काही दिसलंच नव्हतं. या जागी मी पुष्कळ दिवस अडकून होते. बहुतेक रोग्यांना, दहातल्या सात-आठ जणांना, चावल्यापासून तीन ते तीस दिवसांत तो लाल चट्टा येतो. तळहाताएवढा होतो, कधी मध्ये फिकट पडून कड्यासारखा दिसतो, खाजत नाही, दुखत नाही. लेकाला तो आला होता की नाही, मला आयुष्यात कधी कळणार नाही. कारण त्याच वर्षी त्यानं न्हाणीघराचं दार लावून घ्यायला सुरुवात केली होती. दहा वर्षं मी त्याला अंघोळ घातली, पाठ चोळली, कानामागे बघितलं. मग तो मोठा झाला आणि "मी करेन माझं" म्हणाला. मला त्याचं कौतुकच वाटलं. त्याची पाठ, काखा, मांड्या, गुडघ्याची मागची लवण, हे सगळं त्या उन्हाळ्यात कुणीच पाहिलं नाही.

पाहिलं असतं तरी गोचीड दिसली असती का? इथं बहुतेकांना बाधा होते ती पूर्ण वाढलेल्या गोचिडीकडून नाही, मधल्या वयातल्या गोचिडीकडून. तिला निंफ म्हणतात. मे ते जुलै हा तिचा काळ. आकारानं ती खसखशीच्या दाण्याएवढी असते. हे वाचलं त्या रात्री मी स्वयंपाकघरात जाऊन बरणीतली खसखस तळहातावर घेतली आणि दिव्याखाली धरली. हाताला तीळ होता, त्याच्या शेजारी एक दाणा ठेवला. तीळ मोठा होता.

माझ्या ओळखीची गोचीड वेगळी होती. माझं माहेर सिंधुदुर्गात, सावंतवाडीच्या आत. गोठ्यात दोन गाई, एक म्हैस. आजी संध्याकाळी गाईच्या कानामागून, आचळांजवळून गोचिड्या वेचायची आणि निखाऱ्यावर टाकायची. रक्त पिऊन टम्म झालेल्या, राखी रंगाच्या, एरंडाच्या बीसारख्या. (एरंडाचं शास्त्रीय नाव रिसिनस. लॅटिनमध्ये रिसिनस म्हणजे गोचीडच. आजीला जे दिसायचं तेच कधीकाळी रोमन माणसालाही दिसलं होतं.) अशी गोचीड आंधळ्यालाही चाचपून सापडेल. खसखशीएवढी गोचीड असते आणि ती माणसाचा गुडघा महिनोन्‌महिने अडवून ठेवते, हे आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आमच्या माकडतापासारखाच गो."

ती बरोबर बोलत होती. रोग वेगळा, पण वाट तीच. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली आणि भोवतालची माणसं तापानं आजारी पडली, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी त्या तापाचा विषाणू ओळखला. तोही गोचिडीतून येतो. पुढे तो गोव्यात सत्तरीत आला, २०१६मध्ये आमच्या दोडामार्गात. काजूच्या हंगामात बोंडू वेचायला बागेत जाणाऱ्या बायाबापड्यांना आधी लागला. तिकडे विषाणू, इकडे जिवाणू. तिकडचा ताप काही दिवसांत माणसाला आडवं करतो, इकडचा महिने न्‌ महिने दबा धरतो. पण पाचोळ्यात बसलेली, कुणाचं तरी ऊबदार अंग जवळून जायची वाट बघणारी गोचीड तिथंही आहे आणि इथंही. आईच्या वाडीत आता बागेत जाण्यापूर्वी अंगाला लावायचं तेल आरोग्य खात्याकडून मिळतं. ती ते लावते का, हे मी दर फोनला विचारते. ती मला विचारते, पोराचे पाय बघितलेस का.

आता त्या जंतूकडे येते. मला त्याचा राग होता. मुलाच्या गुडघ्यात शिरून बसलेला कुणीतरी शत्रू, असं चित्र मनात होतं, आणि शत्रू असला की राग धरायला सोपं जातं. वाचत गेले तसतसं ते चित्र टिकेना.

हा जिवाणू म्हणजे मळसूत्रासारखा एक लांब, अतिशय बारीक धागा. लांबी मिलिमीटरचा सुमारे पन्नासावा भाग. याच घराण्यात उपदंशाचा जंतू आहे आणि आमच्या कोकणात दर पावसाळ्यात ज्याचं नाव निघतं त्या लेप्टोचाही. इतर पोहणाऱ्या जिवाणूंच्या शेपट्या अंगाबाहेर असतात. याच्या अंगाच्या आत, दोन आवरणांच्या मधल्या सांदीत गुंडाळलेल्या असतात. त्या फिरल्या की अख्खं अंग लाटेसारखं हलतं. पाण्यात पोहायला ही रचना काही खास नाही. पण त्वचेखालच्या घट्ट, चिकट थरात, जिथं बाकीचे जिवाणू रुतून बसतात, तिथून हा सळसळत निघून जातो. त्याचा माग काढणाऱ्या पांढऱ्या पेशींपेक्षा कितीतरी वेगानं.

त्याचं खरं घर आहे पांढऱ्या पायांचा एक रानउंदीर आणि एक गोचीड. गोचिडीचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा त्याच्यात हा जंतू नसतो. सहा पायांचं ते पिल्लू पहिलं रक्त बहुधा उंदराचं पितं, आणि उंदराच्या अंगात जंतू असेल तर तो रक्ताबरोबर गोचिडीच्या पोटात जातो. मग पिल्लू कात टाकतं, निंफ होतं, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत उपाशी राहतं. या सगळ्या काळात जंतू गोचिडीच्या आतड्याला चिकटून असतो. त्यासाठी त्याच्या अंगावर एक विशिष्ट प्रथिन असतं, ओएसपीए नावाचं. गोचिडीच्या आतड्याच्या पेशींवर त्याला धरून ठेवणारी जागा असते. खुंटीला अडकवलेल्या कपड्यासारखा तो तिथं महिने काढतो.

मग निंफ एखाद्या गवताच्या पात्यावर चढते आणि पुढचे पाय पसरून थांबते. गोचिडीला उडी मारता येत नाही, उडता येत नाही. श्वासातला वायू, अंगाची ऊब तिला कळते. माझा लेक चेंडू आणायला झुडपात शिरला असेल, त्याची पोटरी पात्याला घासली असेल. ती अंगावर आली, वर चढत गेली, आडोशाची जागा शोधली आणि करवतीसारख्या दातांची सोंड आत घातली. त्याला कळलं नाही, कारण तिच्या लाळेत वेदना आणि खाज दाबणारी, रक्त गोठू न देणारी, तिथल्या प्रतिकारशक्तीला झोपवणारी द्रव्यं असतात. चार-पाच दिवस गुपचूप रक्त प्यायचं तर एवढी तयारी लागतेच.

गरम रक्त पोटात आलं की तिथल्या जंतूला कळतं की वेळ झाली. तो अंगरखा बदलतो. खुंटीला धरून ठेवणारं ओएसपीए उतरवतो आणि ओएसपीसी नावाचं दुसरं प्रथिन चढवतो. आतड्याची भिंत ओलांडून लाळेच्या ग्रंथीत जातो. तिथं आणखी एक गोष्ट घडते, जी वाचून मी पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसले होते. गोचिडीच्या लाळेतलंच एक प्रथिन त्याच्या नव्या अंगरख्याला येऊन चिकटतं, आणि त्या पांघरुणाखाली तो आपल्या कातडीत उतरतो. अँटीबॉडीला तो सापडत नाही. परक्या घरात जाताना गोचिडीची शाल अंगावर घेऊन जातो.

या सगळ्याला वेळ लागतो, आणि माणसाच्या हाती असलेली सगळ्यात मोठी सवलत हीच. गोचीड चिकटल्यापासून जंतू अंगात उतरायला साधारण छत्तीस ते अठ्ठेचाळीस तास लागतात. रोज रात्री अंग तपासलं तर बहुतेक वेळा आपण त्याच्या आधी पोचतो. चिकटलेली गोचीड बारीक टोकाच्या चिमट्यानं कातडीच्या अगदी लगत धरायची आणि सरळ वर ओढायची. रॉकेल, तेल, उदबत्तीचा चटका यातलं काही करायचं नाही. डिवचलेली गोचीड लाळ जास्त सोडण्याची भीती असते. आजीचा निखारा काढल्यानंतरचा होता, आधीचा नव्हे.

अंगात उतरल्यावर तो काय करतो? मी वाट पाहत होते की कुठंतरी 'विष' हा शब्द येईल. घटसर्पाचा जंतू विष करतो, धनुर्वाताचा करतो, पटकीचा करतो. याच्यापाशी विष नाही. १९९७ साली त्याची सगळी जनुकं वाचून झाली, तेव्हा दिसलं की इतर जंतू जे स्वतः बनवतात त्यातलं फारसं काही याला बनवताच येत नाही. जवळपास सगळं यजमानाकडून उसनं. माणसाच्या शरीराची जुनी युक्ती आहे: जंतू आत आला की लोह कुलूपबंद करायचं, कारण लोहाशिवाय बहुतेक जंतूंचं चालत नाही. या जंतूनं लोहाची गरजच सोडून दिली. तो मँगनीजवर भागवतो. कुलूप लावलेल्या कोठीसमोरून तो तिकडे न बघता निघून जातो.

आणि वेष बदलतो. आता खुंटीसाठी नाही, लपण्यासाठी. त्याच्या पृष्ठभागावर एक प्रथिन असतं, त्याचं नाव व्हीएलएसई. त्याच्या जनुकाशेजारी त्याच घडणीचे पंधरा मूक तुकडे पडून असतात. त्यातले थोडे इकडचे, थोडे तिकडचे घेऊन तो चालू जनुकात भरत राहतो. आमच्याकडे जत्रेत दशावतार बघताना मला लहानपणी रंगपटात डोकवायची फार हौस. नट आपापल्या पेटाऱ्यासमोर बसून स्वतःच्याच हातानं तोंड रंगवायचे, आणि मघाचा राक्षस थोड्या वेळानं ऋषी होऊन बाहेर यायचा. पेटाऱ्यात मोजकेच रंग, मोजकंच सामान, पण मांडणी दर वेळी नवी. शरीर एका चेहऱ्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं, तोवर चेहरा बदललेला असतो.

असा हा लपत लपत पसरतो. कुणाच्या चेहऱ्याच्या नसेपाशी जातो आणि अर्धा चेहरा लुळा पडतो. कुणाच्या हृदयातले विजेचे संदेश अडवतो. आणि सांध्यात येऊन राहतो. सांध्यातल्या मऊ, जाळीदार ऊतींना चिकटायला त्याच्यापाशी साधनं आहेत. उपचार न झालेल्या रोग्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांचे सांधे पुढे धरतात, बहुतेकदा गुडघा. लेकाचा गुडघा जूनच्या चाव्यानंतर दिवाळीला सुजला, आपोआप उतरला, पुन्हा सुजला, हे सगळं ठरलेल्या वाटेनंच होतं.

पण सूज त्याची नव्हे. गुडघ्यातल्या त्या गढूळ पाण्याचं उत्तर इथं होतं. त्याच्या अंगावरच्या प्रथिनांची चाहूल लागली की आपल्या पेशी आरोळी देतात, रक्तवाहिन्या सैल होतात, पांढऱ्या पेशींची झुंबड उडते. शोधायचा असतो मूठभर लपलेल्यांना, आणि फोडली जातात घराची दारं. गुडघा सुजवत होता तो माझ्या मुलाचा स्वतःचा कैवार होता.

आणि ज्या रानउंदराच्या अंगात हा जंतू जन्मभर राहतो, त्या उंदराला जवळजवळ काहीच होत नाही. तो धावतो, खातो, पिल्लं घालतो. दोघांचं फार जुनं सूत जमलेलं आहे. माणूस मात्र या जंतूच्या वाटेवर नाहीच. आपल्यापासून तो पुढे कुणाकडे जात नाही. माझ्या मुलाच्या गुडघ्यात त्याला काही मिळणार नव्हतं, तिथून त्याला परतीची वाटही नव्हती. हे कळल्यावर माझा राग ओसरला असं मी म्हणणार नाही. रागाला ठेवायला जागा उरली नाही, आणि ते मला जास्त जड गेलं. पहिल्या डॉक्टरांवर ठेवून पाहिला, स्वतःवर तर पुष्कळच ठेवला.

अठ्ठावीस दिवस डॉक्सिसायक्लिन. दिवसातून दोनदा, पोटभर खाऊन, भरपूर पाण्याबरोबर. रक्ततपासणीचा निकाल दोन्ही टप्प्यांवर स्पष्ट होता. त्या उशिराच्या अवस्थेत तो चुकत नाही. चुकतो तो सुरुवातीच्या आठवड्यांत, अँटीबॉडी तयार होण्याआधी. औषध संपलं तेव्हा गुडघा बराच उतरला होता, पण पूर्ण नाही. मी घाबरले. बाई म्हणाल्या, थांबा, जंतू मेले तरी सांध्याला शांत व्हायला वेळ लागतो. का लागतो, त्याचं एक कारण २०१९ साली छापून आलेल्या संशोधनात मला सापडलं. वाढताना हा जंतू आपल्या भिंतीचे तुकडे टाकत जातो. इतर पुष्कळ जिवाणू ते पुन्हा वापरतात, याला ते जमत नाही. उपचारानंतरही ते तुकडे सांध्याच्या पाण्यात सापडले, आणि शरीर त्यांच्याशीच लढत राहतं. घरातून माणूस गेला तरी त्याच्या वासावर कुत्रं भुंकत राहावं, तसं. मार्चमध्ये एके दिवशी लेक पुन्हा दोन पायऱ्या गाळत खाली आला. मी काही बोलले नाही.

एक लस होती, हे वाचून मात्र मी फार वेळ हळहळले. १९९८ साली अमेरिकेत आली होती. ती माणसाच्या रक्तात अँटीबॉडी तयार करायची ती ओएसपीएविरुद्ध, म्हणजे खुंटीवर अडकवायच्या त्या जुन्या अंगरख्याविरुद्ध. गोचीड रक्त प्यायची, रक्ताबरोबर अँटीबॉडी तिच्या पोटात जायची, आणि जंतू निघायच्या आधीच, गोचिडीच्या आत मारला जायचा. आपलं रक्त आपल्या अंगाबाहेर जाऊन आपलं राखण करायचं. इतकी सुंदर कल्पना मी औषधांच्या जगात दुसरी ऐकलेली नाही. लोकांच्या मनात दुष्परिणामांची शंका शिरली, खप घटला आणि २००२ साली ती बाजारातून काढून घेतली गेली. कुत्र्यांसाठी मात्र लाइमची लस आजही मिळते. शेजारच्या घरातलं कुत्रं दरवर्षी ती घेतं. तेच कुत्रं आणि माझा मुलगा एकाच झुडपात चेंडू शोधत असतात.

आमच्या मागच्या अंगणात तीन ओक आहेत. घर घेताना त्यांच्याकडे बघूनच मी हो म्हटलं होतं. न्यूयॉर्क राज्यातल्या मिलब्रुकच्या जंगलांत वर्षानुवर्षं मोजणी करणाऱ्या रिचर्ड ऑस्टफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की ज्या वर्षी ओकची फळं अमाप पडतात त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात उंदीर वाढतात, आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात बाधा झालेल्या निंफ. बांबूला फुलोरा आला की उंदीर माजतात, हे बाबा आम्हाला सांगायचे, तसंच. हरणांवर सगळे खापर फोडतात. हरणं मोठ्या गोचिड्यांना पोसतात हे खरं, पण जंतू त्यांच्याकडून गोचिडीत येत नाही. त्या शरद ऋतूत मी ओकची फळं फावड्यानं गोळा करत होते, टोपल्या भरत होत्या, आणि दोन वर्षं पुढचा उन्हाळा मोजत होते.

तो उन्हाळा आला. गवताकडेची झुडपांची जाळी आम्ही तोडली, पाचोळा उचलला, रानाच्या आणि हिरवळीच्या मध्ये लाकडाच्या भुशाचा तीन फुटी पट्टा घातला. लेकाचे मोजे फिकट रंगाचे घेतले. खेळून आला की कपडे थेट ड्रायरमध्ये, कारण कोरड्या उष्णतेत गोचीड मरते, धुण्यात मरतेच असं नाही. आणि अंघोळीचं दार. त्याबद्दल मी त्याला काही म्हटलं नव्हतं. तेरा वर्षांच्या मुलाला काय म्हणणार?

जूनमधल्या एका रविवारी संध्याकाळी तो अंघोळ करून टॉवेल गुंडाळून बाहेर आला. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. माझ्यासमोर येऊन पाठमोरा उभा राहिला आणि म्हणाला, "इथं बघ ना. मला हात पोचत नाही." मी फोनचा दिवा लावला. मानेखाली काही नाही. काखेत काही नाही. उजव्या गुडघ्याच्या मागच्या लवणीत एक काळा ठिपका होता. नखानं हलवून पाहिला, हलला नाही. भिंग आणलं. पाय दिसले.

चिमट्यानं धरून सरळ वर ओढली. आली, अखंड. अजून चपटी होती, फुगलेली नव्हती. पांढऱ्या कागदावर ठेवून वर चिकटपट्टी लावली. शनिवारी तो चार वाजता रानाकडेला गेला होता, आता साडेसात वाजले होते. साडेसत्तावीस तास. मी चिकटपट्टीवर तारीख लिहिली, वेळ लिहिली, 'उजवा गुडघा, मागे' असं लिहिलं आणि कागद फ्रिजच्या दाराला लावला. तो तिथं उभा राहून बोटानं दिवस मोजत होता, तिसाव्या दिवसापर्यंत.